उघडून राहिली

मानेवाड्यात, दुसऱ्या माळ्यावर,
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास
आणि शालिकराम निनाव्यांचं टेबल.
सिल्लारी गेटजवळ भाड्याच्या तीन खोल्या,
दोन जिप्सी, एक स्वयंपाकीण, एक वेबसाइट.

'उघडून राहिली,' ते म्हणाले
फोन माझ्याकडे वळवत.
पांढरा पडदा. मधोमध गरगरणारं एक गोल.
'उघडून राहिली ना, थांबा.'

पुण्यात शिकत होते तेव्हा
या 'राहिली'वर मैत्रिणी हसायच्या:
उघडली, की राहिली? नीट सांग.
मीही मग 'उघडतेय' म्हणायला शिकले.
आज त्या पांढऱ्या पडद्यापुढे वाटलं,
दुखण्याचं नाव तर आपल्याच बोलीत होतं.
उघडायची होती. राहिली.

निनाव्यांनी चाळीस वर्षं बर्डीत घड्याळं दुरुस्त केली.
ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढलं,
कुठल्याशा शाळेचं, कोणी परत न नेलेलं.
एकोणीस सेकंद.
'एवढ्यात हैदराबादचा माणूस
दुसऱ्याची खोली घेऊन मोकळा होते.'

मी पान उसवायला घेतलं.
सहा वाघांचा सरकता पट्टा,
त्यातला एकही पेंचचा नाही.
पुतण्याने बसवलेली बासरी, आपोआप वाजणारी.
पाहुणे मोजणारा आकडा, २०१४ पासून थकलेला.
आणि कोपऱ्यात
'मी मदत करू का?' विचारणारी चौकट,
जिच्यामागे कधीच कोणी बसलं नव्हतं.

खालची चित्रं खालीच निजवली,
कोणी तिथवर उतरलं तरच उठतील.
'म्हणजे आमच्या सकूबाईसारखं,' निनावे म्हणाले,
'पाहुणा बसल्यावरच भाकर तव्यावर.'

हीच माणसं
पाणवठ्याशी चार तास श्वास धरून बसतात,
वाघ नाही दिसला तरी पैसे मोजतात
आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा येतात.
आपल्याला मात्र ती चार सेकंद देत नाहीत.
हे मी बोलले नाही.
बेचाळीस अंशांत बोलायचं तरी किती.

सगळ्यात जड निघाला पहिलाच फोटो.
अंगणातला मोह, मार्चमधली पहाट,
खाली रिकामी बाज, बाजेवर सांडलेली फुलं.
निनाव्यांनी स्वतः काढलेला,
पहिला पाहुणा यायच्या आदल्या दिवशी.
अकरा एमबी.

'हा लहान करावा लागेल, काका.'

इतका वेळ बोलणारा माणूस गप्प झाला.
मग, 'फुलं कमी होतील का?'

एकशे साठ केबी.
जुना-नवा शेजारी शेजारी ठेवले.
त्यांनी घड्याळजीचं काळं भिंग
डोळ्याच्या खोबणीत बसवलं
आणि स्क्रीनला नाक टेकेस्तोवर वाकले.
कूलर दोनदा बंद पडून चालू झाला.

'फरक आहे,' शेवटी म्हणाले. 'बाजेच्या सुतळीत.'
भिंग काढलं. डोळ्याभोवती लाल कडं.
'घड्याळ पण एकदा खोललं
की पहिल्यासारखं बसत नाही कधी.
गिऱ्हाइकाला वेळ बरोबर दिसली, बस झालं. करा.'

संध्याकाळी सकूबाईला फोन.
सिल्लारीत नेटवर्कची एकच कांडी, तीही हातपंपापाशी;
तिच्या मोबाइलची काच मधोमध तडकलेली.
'आता दाब,' म्हणत निनाव्यांनी स्टॉपवॉच दाबलं.

'झाड दिसून राहिलं जी!'

तीन सेकंद, आणि वर थोडं काही.
ते आकड्याकडे बघत बसले,
जसं कोणी दुरुस्त घड्याळ लगेच परत देत नाही,
कानाशी धरतं.
'अन् फुलं?'
'हायेत ना. बाजेवर पडून राहिली.'

त्या दिवशी खोली कोणी घेतली नाही.
रात्री एकच फोन आला, रायपूरहून,
एसी आहे का विचारणारा.

निनावे म्हणाले, 'मोह आहे.'